वडिलांची सही न मागणारी सेवा: महाराष्ट्र राजपत्रात नाव बदलून घेण्याचा अनुभव

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. ज्यांना फक्त प्रोसेस हवीय त्यांनी खाली मधला भाग वाचा, पण मला विचाराल तर सगळंच वाचा, कारण नाव बदलायला निघालेल्या माणसाला फॉर्मपेक्षा आजूबाजूच्या प्रश्नांचा त्रास जास्त होतो आणि त्याची तयारी कुठल्याच यूट्यूब व्हिडिओत करून देत नाहीत.

सेवा म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातला बदल प्रसिद्ध करून घेणे. हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय करतं, मुंबईत चर्नी रोडला त्यांचं ऑफिस आहे, पण आता अर्ज ऑनलाइन होतो, मी पुण्यात घरी बसून केला. मी माझ्या नावातलं मधलं नाव काढलं, म्हणजे वडिलांचं. आता माझं नाव आणि आडनाव, बस एवढंच. वय ३३, लग्न झालेलं नाही, वडील हयात आहेत, तब्येतीने ठणठणीत आहेत आणि आमचं भांडण नाहीये. हे शेवटचं मला इतक्या जणांना सांगावं लागलं की इथे पण लिहून ठेवते.

मग काढलं कशाला? सांगते.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर इतिहास शिकवला आणि मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. अशा गावात सर म्हणजे काय असतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तलाठी त्यांचा विद्यार्थी, मेडिकलवाला त्यांचा विद्यार्थी, एसटीचा कंडक्टर त्यांचा विद्यार्थी. मी लहानपणापासून सरांची पोरगी. रिक्षावाला पैसे घ्यायचा नाही, दवाखान्यात नंबर आधी लागायचा, आणि मी बारावीत असताना मैत्रिणींबरोबर टपरीवर चहा प्यायले तर मी घरी पोचायच्या आत घरी बातमी पोचलेली असायची. हे वाईट होतं असं मी अजिबात म्हणत नाही, त्या माणसाने शेकडो पोरं उभी केलीयत, फी नसलेल्यांची फी भरलीय, मला त्यांचा अभिमान आहे. पण त्या गावात मी काही चांगलं केलं तर ते सरांच्या संस्कारामुळे आणि काही चुकलं तर सरांच्या नावाला बट्टा, यात मी कुठे होते ते मला शोधूनही सापडायचं नाही.

पुण्यात आल्यावर हे संपेल असं वाटलेलं. संपलं नाही कारण आपल्याकडे नाव लिहायची पद्धतच अशी आहे की बाप तुमच्याबरोबर सगळीकडे येतो. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव खाली वेगळ्या ओळीत एकटं. कॉलेजच्या हजेरीत तेच, ऑफिसच्या आयडी कार्डावर तेच. पासपोर्टवर तर मधल्या नावाचा वेगळा रकानाच नसतो, गिव्हन नेम आणि सरनेम असे दोनच असतात, त्यामुळे आपल्या बहुतेक लोकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच ओळीत शेजारी शेजारी येऊन बसतं आणि बाहेरच्या देशातल्या माणसाला ते एकाच माणसाचं जोडनाव वाटतं. माझ्या एका परदेशी क्लायंटने पहिल्याच मेलमध्ये मला अप्पांच्या नावाने हाक मारलेली.

तरी ते चालून गेलं असतं. निर्णय झाला तो एका इंटरव्ह्यूमुळे. कंपनी कुठली ते नाही सांगत. पॅनेलवर तीन जण होते, मी त्या पोस्टसाठी खूप तयारी केलेली, रात्र रात्र जागून. मधल्या माणसाने माझा बायोडेटा उचलला, पूर्ण नाव मोठ्याने वाचलं आणि थांबला. म्हणाला, "तुम्ही सरांच्या का?" मी हो म्हटलं. मग पुढचा सगळा वेळ अप्पांची तब्येत, अप्पांचा गणवेशाचा कडक नियम, अप्पांनी त्याला एकदा वर्गाबाहेर कसं उभं केलेलं आणि त्यामुळे तो कसा सुधारला हे सगळं त्याने बाकीच्या दोघांना सांगितलं, ते हसत होते, मला एकही धड प्रश्न कुणी विचारला नाही. मी एकदा स्वतःहून माझ्या आधीच्या प्रोजेक्टबद्दल सुरू केलं तर तो म्हणाला ते बघितलंय हो आम्ही, तुम्ही काही कमी असणार नाही, घर कुणाचं आहे. आणि नोकरी मिळाली. ऑफर लेटरवर ते पूर्ण नाव छापलेलं होतं, ते वाचताना माझ्या पोटात काहीतरी तुटलं कारण ही नोकरी मला मिळाली की सरांच्या पोरीला मिळाली हे मला आता कधीच कळणार नव्हतं. मी ती घेतली नाही. घरी सगळे चिडले, फुकट आलेली संधी घालवली म्हणून. तेव्हाच मी ठरवलं की यापुढे कागद पुढे सरकवला की समोरच्याला मी दिसले पाहिजे, आणि मग जे काय होईल, पास, नापास, ते माझं.

आता प्रोसेसकडे येते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण यावरच सगळ्यात जास्त अफवा आहेत. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला स्वतःचं नाव बदलायला आईवडिलांची संमती लागत नाही. सज्ञान व्हायचं वय १८ हे १८७५ च्या कायद्यापासून चालत आलंय. अज्ञान मुलाचा अर्ज असेल तर पालकाची सही लागते, ते बरोबरच आहे. पण तुम्ही सज्ञान असाल तर अर्जदार तुम्ही, सही तुमची, जबाबदारी तुमची. हे मी ठासून सांगतेय कारण मी सुरुवातीला कोर्टाच्या आवारातल्या एका एजंटकडे चौकशी केली तर तो म्हणाला मॅडम वडिलांची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र आणा, स्टॅम्पपेपरवर, ते स्वतः आले तर अजून उत्तम, नाहीतर अर्ज रिजेक्ट होईल, आणि एनओसी नसेल तर माझ्याकडे सेटिंग आहे पण रेट वेगळा. साफ खोटं होतं. एनओसी कुठेच मागितली गेली नाही. एजंट अजिबात लावू नका, फॉर्म इतका सरळ आहे की दहावी झालेलं पोरगं भरेल.

फॉर्ममध्ये जुनं नाव, नवीन नाव, पत्ता, कारण, मग फोटो, सही आणि कागदपत्रं अपलोड करायची. मी ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि नोटरीकडून केलेलं प्रतिज्ञापत्र असं सगळं आधीच स्कॅन करून ठेवलेलं. कागदांची यादी आणि फीचे दर बदलत असतात म्हणून ते साइटवरच बघा, कुणाच्या जुन्या पोस्टवर जाऊ नका. फी ऑनलाइन भरली की काम आपल्या हातातून गेलं. कारणाच्या ठिकाणी मी वैयक्तिक कारण एवढंच दिलं. मला वाटलेलं की कुणीतरी फोन करेल, विचारेल, की बाई वडिलांचं नाव का काढताय. कुणी केला नाही. माझ्यासाठी या सेवेतली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याबद्दल एक गोष्ट ठरवली आणि समोरच्याने ती फक्त नोंदवून घेतली.

जुनं नाव लिहिताना एक काळजी घ्या. तुमच्या आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर जे जुनं नाव आहे ते अक्षर न् अक्षर तसंच टाका, आणि इंग्रजी स्पेलिंगकडे डोळ्यात तेल घालून बघा. मराठीत एकच असलेलं नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहितात, शेवटी ए लावायचा की नाही, व्ही की डब्ल्यू, आणि राजपत्रात एकदा छापलं गेलं की पुढे बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळे त्याच स्पेलिंगवर बोट ठेवतात.

मग काही आठवड्यांनी राजपत्र आलं. ते बघायची माझी खूप उत्सुकता होती. महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन, संकीर्ण सूचना व जाहिराती, हा साप्ताहिक असतो, वरती गुरुवार ते बुधवार असं लिहिलेलं असतं आणि इंग्रजी तारखेबरोबर शके सुद्धा असतं. त्यात नाव बदलाच्या जाहिराती असतात, एकाखाली एक, जुनं नाव आणि नवीन नाव. मी माझं नाव शोधायच्या आधी सगळं पानच वाचून काढलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका, आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त केलेली माणसं, टोपणनाव शाळेत लागलेलं ते आता साठीला आल्यावर खरं नाव लावणारे आजोबा वाटतील अशी नावं, आडनावच पूर्ण बदललेले. आणि मग मी. डावीकडे तीन शब्द, उजवीकडे दोन. कसली सजावट नाही, अभिनंदन नाही, कारण नाही. या जाहिरातींबरोबर एक सूचना पण छापलेली असते, की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, हे सगळं अर्जदाराने जे दिलं त्यावरून छापलंय. काही लोकांना ती सूचना वाचून भीती वाटते, की म्हणजे हे चालणार नाही का कुठे. चालतं. मला तर ते वाचून बरं वाटलं. जबाबदारी माझीच आहे, अप्पांची नाही, शासनाची नाही, आणि हेच तर मला हवं होतं.

राजपत्र सार्वजनिक असतं, कुणीही उघडून बघू शकतं, हे लक्षात ठेवा. ज्यांना घरच्यांपासून लपवून करायचंय त्यांनी याचा विचार आधी करा. माझं मत विचाराल तर लपवू नका, अर्ज करायच्या आधी सांगा. परवानगी मागायची नाही, पण कानावर घालायचं. तिसऱ्याकडून कळलं तर त्यांना जे लागेल ते नावासाठी नसेल, लपवलं म्हणून असेल.

मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला आणि पहिलं वाक्य, "मी तुझं काय वाईट केलं?" मी म्हटलं काही नाही केलंत. मग बराच वेळ गप्प. मग त्यांच्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. म्हणाले नाव काढायचंच असेल तर आईचं तरी लाव, आपल्याकडे परंपरा आहे, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, राजे आईवरून ओळखले जायचे, नाशिकच्या पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे तो तुला दाखवलेला लहानपणी. आणि लगेच स्वतःच दुरुस्त केलं की ती नावं आईच्या गोत्रावरून आहेत, म्हणजे लग्न होऊन आलेल्या त्या राण्यांनी माहेरच्या गोत्राचं नाव सोडलेलं नव्हतं. मी म्हटलं अप्पा मग दोन हजार वर्षांपूर्वी जे राण्यांना जमलं त्याच्याबद्दल माझ्यावेळी एवढा विचार का पडावा. यावर ते काही बोलले नाहीत.

आईचं नाव का नाही लावलं हे मला खूप जणांनी विचारलं, मैत्रिणींनी सुद्धा, म्हणून त्याबद्दल जरा लिहिते. आता वारं त्या बाजूचं आहे आणि ते चांगलंच आहे. महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम. ज्या घरात आईने एकटीने मुलं वाढवली तिथे आईचं नाव लावणं हा न्याय आहे, मला त्याबद्दल काडीचीही शंका नाही. पण माझ्या घरात मी अप्पांचं काढून आईचं लावलं असतं तर ते मी दोघांमधून एकाची बाजू घेतल्यासारखं झालं असतं, आणि आईला त्या घरात त्याचं उत्तर देत बसावं लागलं असतं. मला एकाच्या सावलीतून उठून दुसऱ्याच्या सावलीत बसायचं नव्हतं. आईला मी विचारलं तर ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "माझं नाव माझ्याकडं राहू दे, तुला नको असलं तर नको." तिला राग आला की बरं वाटलं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, पण त्यानंतर नातेवाइकांपैकी कुणी विषय काढला की तीच उत्तर देते, मला बोलूच देत नाही.

नातेवाइकांचं काय सांगू. माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं तेव्हा तिने वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही काढून नवऱ्याचं लावलं, काहीजणींचं तर पहिलं नाव पण बदलतात, तांदळात अंगठीने लिहून. त्या दिवशी काकांचं नाव तिच्या नावातून गेलं तेव्हा कुणाच्या डोळ्यात त्यासाठी पाणी आलं नाही, सगळे जेवायला बसले. म्हणजे मुलीच्या नावातून बापाचं नाव जाणं याला कुणाची हरकत नाहीच आहे. दुसऱ्या पुरुषाचं येणार असेल तर चालतं. रिकामं राहणार असेल तर मग संस्कार, खानदान, लोक काय म्हणतील. मोठ्या आत्याने तर सरळ विचारलं की लग्नाआधी रिकामं करून ठेवतेस का. मी शांतपणे सांगितलं की लग्न झालं तरी रिकामंच राहणार. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाहीये, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता अर्धा स्टार. राजपत्र हातात आलं की सरकारचं काम संपलं, पण तुमचं तिथून सुरू होतं. एका ठिकाणी नाव बदललं म्हणून बाकी ठिकाणी आपोआप बदलत नाही, प्रत्येक खात्याचा वेगळा फॉर्म, वेगळी रांग. मी हा क्रम ठेवला आणि तो मला बरोबर वाटतो: आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग पासपोर्ट, मतदार यादी. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे लक्षात ठेवून जा, तिथे प्रयोग करायला जागा नाही. आधार आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर पुढे सगळीकडे अडकायला होतं म्हणून पॅन लगेच त्याच्या मागोमाग. मतदार यादीला फॉर्म ८. आधारवर नाव एकाच ओळीत असतं त्यामुळे मधलं नाव नसल्याची अडचण येत नाही. पॅनच्या फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं आहे, मधलं नाव रिकामं ठेवता येतं, पण वडिलांचं नाव तिथे वेगळं विचारतातच. कार्डावर वडिलांचं छापायचं की आईचं तो पर्याय देतात, आणि आई एकल पालक असेल तर डिसेंबर २०१८ पासून वडिलांचं नाव देणं सक्तीचं राहिलेलं नाही. मी अप्पांचंच ठेवलं. ते माझे वडील आहेत ही माहिती आहे, ती खरी आहे, ती माहितीच्या रकान्यात असायला माझी काहीच हरकत नाही. माझ्या नावात असायला होती.

हा फरक बँकेत समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडला. शाखा कुठली ते नको. काउंटरवरचे साहेब, वयाने अप्पांएवढे नाहीत पण जवळपास, त्यांनी राजपत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले वडिलांचं पत्र आणा. मी म्हटलं कशासाठी, तर म्हणाले उद्या त्यांनी आक्षेप घेतला तर. मी विचारलं खातं माझं, पगार माझा, आक्षेप ते कशावर घेतील? मग म्हणाले तसं नाही हो, पण मुलगी आहात. मी मोबाइलवर आरबीआयचे केवायसीचे निर्देश काढले, त्यात स्पष्ट आहे की ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल तर राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली अधिसूचना सोबत असली की ते ओळखपत्र ग्राह्य धरायचं. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र, दोन्ही एका पंक्तीला. साहेबांनी ते वाचलं, आत गेले, मॅनेजरला विचारून आले आणि झालं काम. तुम्ही जाल तेव्हा हा भाग प्रिंट काढूनच न्या, मोबाइल दाखवण्यापेक्षा कागदाला मान जास्त आहे. आणि आवाज चढवू नका, चढवायची गरजच पडत नाही, नियम तुमच्या बाजूने आहे.

शाळेचे जुने दाखले आणि मार्कशीट यांच्या मागे लागू नका असं माझं म्हणणं. शाळा सोडल्यावर त्या रेकॉर्डमधलं नाव बदलणं फार अवघड असतं, सहसा करत नाहीत, आणि गरजही नसते. जुनी मार्कशीट आणि राजपत्र असं जोडून दिलं की चालतं, मला आजवर सगळीकडे चाललं. ज्यांना खरंच प्रमाणपत्रावरच बदल हवाय त्यांच्यासाठी, सुप्रीम कोर्टाचा ३ जून २०२१ चा सीबीएसईच्या प्रमाणपत्रांबद्दलचा निकाल आहे, जिग्या यादव नावाने, त्यात नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे आणि ते ठरवणं हे अभिव्यक्तीच्या हक्कात येतं असं कोर्टाने मानलंय. मी तो सगळा वाचला नाही पण नावाबद्दलचा भाग वाचला आणि अप्पांना पण वाचायला दिला.

अजून एक महत्त्वाचं, विशेषतः ज्यांना आरक्षणाचा लाभ आहे त्यांच्यासाठी. जातीचा दाखला आणि जात पडताळणी याला मुख्यतः वडिलांकडची वंशावळ आणि त्यांचेच जुने पुरावे लागतात. नावातून वडिलांचं नाव गेलं म्हणून तो हक्क जात नाही, पण जुन्या नावाचे कागद आणि राजपत्र दोन्ही जपून ठेवा, आणि पडताळणी चालू असेल तर आधी ती पूर्ण होऊ द्या मग नावाला हात लावा. तसंच वारसाहक्काचं. आमच्या एका काकांनी गावभर करून टाकलं की पोरीने नाव काढलं म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडला. असं काही नसतं. मुलगी म्हणून जो हक्क आहे तो जन्माने आहे, नाव कसं लिहिता यावर तो अवलंबून नाही. हक्कसोडपत्र हा पूर्णपणे वेगळा कागद आहे आणि नाव बदलाच्या नावाखाली कुणी तुमच्याकडून त्यावर सही घेत असेल तर घेऊ देऊ नका, वकिलाला दाखवल्याशिवाय अजिबात नाही.

ही सेवा कुणी घ्यावी? रागात असाल तर थोडं थांबा असं मी म्हणेन. राग धरून काढलेलं नाव राग उतरल्यावर परत लावावंसं वाटेल आणि आधारला मोजून दोन संधी आहेत. पण जर तुम्हाला वर्षानुवर्षं वाटत असेल, शांत डोक्याने, की कागदावर तुम्ही स्वतः दिसत नाही, तर घ्या. आईवडील चांगले असतील तरी घ्या. मला तर वाटतं चांगल्या आईवडिलांच्या मुलांना हे करणं जास्त अवघड जातं, कारण वाईट बापापासून वेगळं व्हायला लोक समजून घेतात, चांगल्या बापापासून वेगळं व्हायचंय म्हटलं की कृतघ्न ठरवतात. मी कृतघ्न नाहीये. मी दर रविवारी फोन करते, औषधं इथून पाठवते, दिवाळीला जाते. फक्त माझ्या नावाची पाटी माझी आहे.

नाव बदलल्यानंतर मी परत इंटरव्ह्यू दिले. एका ठिकाणी तर तासभर घाम काढला, माझ्या कोडमधल्या एका भागावर असा काही वाद घातला त्या बाईंनी की मला पाणी मागावं लागलं, आणि शेवटी त्यांनी मला घेतलं नाही, कारण लिहून कळवलं, डेटाबेसची बाजू कच्ची आहे म्हणून. तो मेल मी जपून ठेवलाय. डेटाबेसची बाजू माझी कच्ची होती, अप्पांची नाही. नंतर ती पक्की केली आणि आता जिथे आहे ते काम त्याच्यावरच मिळालं.

अप्पांना अजून पटलेलं नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी दिवाळी अंकाच्या वर्गणीचा फॉर्म माझ्या नावाने भरला आणि मधलं नाव लिहिलं, मी बघितलं, त्यांनी पण मला बघताना बघितलं, मी काही बोलले नाही. त्यांनी लिहायचं ते लिहावं, सही लागेल तिथे मी दोन शब्दांतच करते. आता धाकट्या भावाला पण अर्ज करायचाय, त्याला मात्र आईचं नाव मधे लावायचंय आणि त्यावरून घरात नवीन चर्चा चालू आहे. त्याचा फॉर्म मीच भरून देतेय, मधे आईचं नाव टाकताना काही वेगळं लागतं का ते झालं की इथेच खाली टाकेन. कुणाला बँकेत दाखवायला आरबीआयचा तो परिच्छेद हवा असेल तर सांगा, पाठवते.